चौथा धरायला माणूस

घर भाड्यानं बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी, म्हणजे साहेबांनी, मला नोकरी कुठं, गाव कुठलं, मित्रमंडळी किती येतात, यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी माझा उजवा हात मागितला. मला वाटलं, हात बघून भविष्य सांगायचा नाद असेल. निवृत्त माणसाला काही ना काही नाद असतोच. मी हात पुढं केला. त्यांनी मनगट धरून वर-खाली वाकवलं, दंड दाबून पाहिला, पंजा आपल्या मुठीत घेऊन आवळला आणि आत तोंड करून म्हणाले, "अगं, चहा टाक. हा चालेल."

चहा घेऊन काकू बाहेर आल्या. त्यांनी आधी माझ्या हाताकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं, आणि कप ठेवताना हळूच म्हणाल्या, "साखर घालू का अजून? लागंल तुमाला." चहा चांगला गोड होता. अजून साखर कशाला लागणार होती ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

साहेब पाटबंधारे खात्यातनं निवृत्त झालेले. सोलापुरात विजापूर रोडच्या आतल्या अंगाला एका गल्लीत त्यांचं दुमजली घर. खाली साहेब आणि काकू, वर भाडेकरू म्हणून मी. त्यांची मुलगी, ताई, तेव्हा शिकायला पुण्यात होती. मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला, म्हणजे रोज गावाच्या एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाला जायचं. सामान मी आदल्या रात्रीच आणून टाकलं होतं. सकाळी मी जिना उतरतोय तोवर साहेब गाडी दारात काढून तयार. "बसा. तिकडंच चाललोय." घरमालक पहिल्याच दिवशी गाडीनं ऑफिसला सोडतो म्हटल्यावर मी अगदी भारावून गेलो. तिकडं त्यांचं काय काम आहे हे मी विचारलं नाही. पुढं कळलं की त्यांचं कुठंच काही काम नसायचं.

ती गाडी एकेकाळी पांढरी असावी. जुनी, छोटी, चार गिअरची. पहिला, दुसरा, तिसरा ठीक होते. चौथा पडायचा, पण टिकायचा नाही. टाकला, की गाडी जरा पुढं जायची, खट् असा आवाज व्हायचा आणि दांडा आपोआप मधे यायचा. मग इंजिन उगाच ओरडत राहायचं आणि गाडी नुसती घरंगळायची. चौथा टिकवायचा तर कुणीतरी तो दांडा मागं ओढून धरून बसायला हवं. चालवणारानं धरावा म्हणाल, तर साहेबांचा नियम होता: चालवणाराचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाल्यासारखे. मग चौथा वापरूच नये, तिसऱ्यावर भागवावं? तेही नाही. "चौथ्यात गाडी पेट्रोल पीत नाही, नुसता वास घेते," असं ते म्हणायचे. सायकलवाला मागनं पुढं जाईल इतक्या वेगातही ते चौथा टाकायचे. आता उरला कोण, तर डाव्या सीटवरचा माणूस.

"धरा," साहेब म्हणाले.

"काय?"

"चौथा."

आणि मग सात रस्ता चौकापर्यंत त्यांनी मला धरण्याचं शास्त्र सांगितलं. दाबायचा नाही. हिसका द्यायचा नाही. लोंबकळायचं तर मुळीच नाही. मागं ओढून, खांदा सैल सोडून, मनगटावर धरायचा. 'धरा' म्हटलं की धरायचा, 'सोडा' म्हटलं की सोडायचा. मधे स्वतःचं डोकं लावायचं नाही. माझ्या हातातनं दांडा सटकला तेव्हा ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "गाडीत दोष नाही. दोष धरणाऱ्यात आहे." हे वाक्य पुढं मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

सोलापुरात घरापासून कारखान्यापर्यंत स्पीडब्रेकर, खड्डे, पाण्याचे टँकर आणि रस्त्यात निवांत उभ्या म्हशी यांची काही कमी नाही. दर खेपेला "सोडा", दर खेपेला "धरा". ऑफिसात पोचलो तेव्हा उजवा हात खांद्यापासून मुंग्या आल्यासारखा झाला होता. हजेरीपटावरची माझी सही बघून हेडक्लार्क म्हणाला, "काल जरा जास्त झाली का?" आणि बाहेर साहेब अजून गाडीच्या खिडकीतनं डोकं काढून विचारत होते, "संध्याकाळी किती वाजता सुटता?" मी म्हटलं, उशीर होईल. ते म्हणाले, "थांबतो की. मला काय घाई हाय?"

गल्लीत नवीन आलेल्या माणसाला साहेब देवमाणूस वाटायचे. भाजीला चाललाय? बसा. स्टेशनला? बसा. उन्हात कशाला, बसा की. जुनी मंडळी मात्र साहेबांची गाडी दिसली की जागच्या जागी दिशा बदलायची. समोरचा टेलर खिशात कायम क्रेप बँडेज ठेवायचा आणि गाडीचा आवाज आला की मनगटाला गुंडाळायला सुरुवात करायचा. एका बँकवाल्यानं उजव्या कडेवर पोर घेऊनच बाहेर पडायची सवय लावून घेतली होती. पोर शाळेत जायला लागलं तरी कडेवरच. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर एक निरोप ठरलेला होता: "पाणी सुटलं." याचा अर्थ साहेब गाडी काढतायत, आत व्हा. एकदा कुणीतरी चुकून साहेबांनाच त्या ग्रुपात घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी "पाणी सुटलं" आलं, आणि लगेच साहेबांचं खाली उत्तर: "आज आपल्या भागाचा वार नाही. वरून खात्री केली आहे. अफवा पसरवू नये." आणि ही खात्री करून ते गाडी घेऊन बाहेर पडले. त्या दिवशी गल्लीत बेसावध उभी असलेली दोन-तीन माणसं त्यांना सापडली.

साहेबांना गिअर दुरुस्त करायची अक्कल नव्हती असं नाही. दुरुस्त करायची त्यांना गरजच वाटत नव्हती. मी एकदा त्यांच्याबरोबर विजापूर वेशीकडच्या एका मेस्त्रीकडं गेलो होतो, हॉर्न बघायला. हॉर्न झाल्यावर मेस्त्रीनं स्वतःहून चौथ्याचा विषय काढला. "साब, गिअर बॉक्स उतारना पडता. अंदर गिअर पकडता सो फोर्क घिस गया. ऐसा पकड पकड के कित्ते दिन चलाते?"

"चालतंय की व्यवस्थित," साहेब म्हणाले.

"चलता नै साब, ये साब पकडे तो चलता," मेस्त्री माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला. "मै बोलता, दो म्हैने में पूरा बॉक्स बैठ जाता. फिर रस्ते पे खडे रैते तुम."

मेस्त्रीचंही सगळं खरं नव्हतं. बॉक्स दोन महिन्यांत काही बसला नाही, पुढं कितीतरी वर्षं तो तसाच चालला, आणि साहेब दर दिवाळीला त्या गॅरेजसमोरनं मुद्दाम हॉर्न वाजवत जायचे. मेस्त्रीही तेवढाच हट्टी. तो हातातला पाना वर करून ओरडायचा, "दो म्हैने!"

बरं, बॉक्स उतरवायचा नाही तर नको. दांड्याला सायकलच्या ट्यूबची एक पट्टी बांधून खाली सीटला अडकवली असती तरी काम झालं असतं. हे मला सुचलं, टेलरला सुचलं, दूधवाल्यालाही सुचलं. मी एकदा धीर करून बोललोसुद्धा. साहेबांनी गाडी बाजूला घेतली. इतका गंभीर चेहरा मी त्यांचा क्वचित पाहिला असेल.

"माणूस असताना रबर कशाला?" ते म्हणाले. "रबर बांधायचं म्हणजे माणसाचा अपमान आहे."

मला त्या क्षणी माझा अपमान झालेला हवा होता. पण त्यांनी "धरा" म्हटलं आणि मी धरला.

हे कशातनं आलं होतं ते हळूहळू ध्यानात येत गेलं. नोकरीत असताना साहेब कालव्यावर होते. पाणी सोडायचं, बंद करायचं, दारं किती उघडायची, सगळं यांच्या तोंडच्या शब्दावर. हे जीपमधे बसून हात वर करणार आणि तिकडं चार माणसं चाक फिरवणार. निवृत्त झाल्यावर शिपाई गेले, जीप गेली, पण 'धरा' आणि 'सोडा' तोंडात राहून गेलं. आता ऐकायला कोण? घरच्या नळाला पाणी चार दिवसांनी येतं आणि तेही कुणाचं ऐकत नाही. मग ही गाडी सापडली. मोडका चौथा गिअर साहेबांना बढतीसारखा मिळाला होता.

आता हे सगळं मी हसत सांगतोय, कारण माझा हात तरुण होता आणि महिन्या-दोन महिन्यांत मीही टेलरच्या पंथाला लागलो. बँडेज नव्हे, मी सरळ पहाटेची सिटी बस धरायला लागलो. पण काकूंना कुठली सिटी बस? गल्लीतलं कुणी सापडलं नाही की साहेब दारातनं हाक मारायचे, "चल गं." आणि काकू गॅस बंद करून, पदराला हात पुसत, डाव्या सीटवर जाऊन बसायच्या. कुठं जायचं हे त्या विचारायच्या नाहीत. बहुतेक वेळा कुठंच जायचं नसायचं. होटगी रोडनं विमानतळाच्या भिंतीपर्यंत जायचं आणि परत. साहेबांना संध्याकाळी मोकळी हवा लागायची. काकूंनी ती हवा कधी घेतली असेल असं मला वाटत नाही. त्यांचं लक्ष दांड्यावर असायचं.

काकू अक्कलकोटकडच्या. अंगानं बारीक, बोलणं कमी, राग आला की कन्नड. आणि भाकरी! त्यांच्या हातची कडक भाकरी मी ज्या दिवशी पहिल्यांदा खाल्ली, त्या दिवशी मी साहेबांच्या घराचं भाडं जास्त आहे हा विचार कायमचा सोडून दिला. कागदासारखी पातळ, तोडली की टचकन आवाज, वर शेंगाची चटणी आणि दही. दर शनिवारी दोन भाकऱ्या माझ्यासाठी जिन्याच्या कठड्यावर झाकून ठेवलेल्या असायच्या.

एका शनिवारी त्या नव्हत्या. पुढच्याही शनिवारी नव्हत्या. मी सहज खाली डोकावलो तर काकू ओट्यापाशी उभ्या होत्या, समोर परातीत पिठाचा गोळा आणि उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं. अंगठ्याच्या बुडाशी टरारून सूज. "थापायला गेलं की कळ येती हो," त्या म्हणाल्या. "गोळा व्हतोय, भाकरी हुईना." हा हात कशानं गेला हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि ज्याला माहीत असायला हवं होतं तो बाहेरच्या खोलीत मोठ्यानं बातम्या ऐकत होता.

मीच आग्रह करून त्यांना डॉक्टरांकडं घेऊन जायला लावलं. घेऊन गेले अर्थात साहेबच, गाडीनं, आणि वाटेत चौथा धरला काकूंनीच. मी मागच्या सीटवर बसून "मी धरतो" म्हणत होतो, पण साहेब म्हणाले, तुम्ही सवय सोडलीत, तुमचा हात आता राहिला नाही. डॉक्टर तरुण होते. त्यांनी हात तपासला आणि सांगितलं की नस दुखावलीय, विश्रांती द्या. पिळायचं नाही, जड उचलायचं नाही, कुठलीही गोष्ट फार वेळ घट्ट धरून ठेवायची नाही.

साहेब पुढं सरकले. "डॉक्टर, धरायचं नाही म्हणजे साधारण किती किलोमीटरपर्यंत?"

डॉक्टरांना तो विनोद वाटला. ते मनापासून हसले. साहेबही हसले, कारण डॉक्टर हसतायत म्हणजे फार काही नाही असा त्यांनी अर्थ घेतला. काकू हसल्या नाहीत, मी हसलो नाही. येताना साहेबांनी मधला मार्ग काढला: "उजव्याला विश्रांती सांगितलीय ना? मग डाव्यानं धर." डाव्या सीटवर बसून डाव्या हातानं गिअर धरायचा म्हणजे बाईमाणसानं कमरेत किती वळून बसावं लागतं हे करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. काकू तशा वळून बसल्या. मागच्या सीटवरनं मला त्यांचा चेहरा एका अंगानं दिसत होता, आणि कुठं बघावं ते मला कळेना.

मधल्या काळात ताईचं शिक्षण संपलं आणि स्थळं बघायला सुरुवात झाली. साहेबांची मुलगा पारखायची रीत काय असणार हे सांगायला नको. पोहे झाले, प्रश्नोत्तरं झाली, की साहेब उठायचे. "चला, जरा गाव दाखवतो." गाव दाखवायच्या नावाखाली मुलगा डाव्या सीटवर बसायचा आणि परत येईपर्यंत त्याचा निकाल लागलेला असायचा. एकाला साहेबांनी "हात चंचल आहे" म्हणून नापास केलं. दुसऱ्यानं एका हातानं चौथा धरून दुसऱ्या हातानं मोबाईल घेतला. त्याचं नावसुद्धा त्यांनी पुन्हा घरात काढू दिलं नाही.

मग कुर्डुवाडीचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेच्या वर्कशॉपमधे. काळा, हसरा, बोलायला मोकळा. साहेब त्याला घेऊन गेले आणि लगेचच परत आले. मुलगा उतरला तो सरळ काकूंकडं गेला, त्यांच्या सुजलेल्या मनगटाकडं पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, घरात सायकलची जुनी ट्यूब हाय का? आन् कात्री?" काकूंनी काही न विचारता दोन्ही आणून दिलं. त्यानं एक पट्टी कापली, दांड्याला गुंडाळली, खाली सीटच्या लोखंडाला ताणून अडकवली आणि साहेबांना म्हणाला, "काका, आता न्या कुटं बी. कुनाला धरायचं काम न्हाय."

तो गेल्यावर साहेबांनी ब्लेड आणून ती पट्टी कापली. "मुलगा वाईट नाही," ते म्हणाले, "पण कष्टाला चुकार आहे. ह्याला पोरगी द्यायची नाही."

काकू तोवर दारात उभ्या होत्या. त्या घरात काकूंनी निर्णय दिलेला मी तोवर ऐकला नव्हता. "हितंच द्यायची," त्या म्हणाल्या. "ज्याला बाईचा हात बघून रबर सुचतं, त्याच्या घरी माज्या पोरीचं हात तरी शाबूत ऱ्हातील." साहेब काहीतरी बोलायला गेले. काकूंनी एकच कन्नड शब्द टाकला, "साकु." म्हणजे, बास झालं. साहेबांना कन्नडमधला तेवढा एकच शब्द येत असावा, कारण ते ब्लेड घेऊन गुमान आत गेले. लग्न कुर्डुवाडीलाच ठरलं.

पुढं ताईला दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हटल्यामुळं बाळंतपण सासरीच झालं. काकू रेल्वेनं जाऊन राहिल्या. जावयानं त्यांना तिथं भरलेली बादलीसुद्धा उचलू दिली नाही, आणि त्या परत आल्या तेव्हा मनगटाची सूज उतरलेली मी स्वतः पाहिली. आल्या होत्या त्या ताईचाच जुना लाकडी पाळणा न्यायला. नातीचं बारसं होतं.

आता सोलापूरहून कुर्डुवाडीला रेल्वे जाते हे कुणालाही माहीत आहे. जावईच रेल्वेत. पण साहेब म्हणाले, "घरात गाडी असताना रेल्वे कशाला?" पाळणा सुटा करून मागच्या सीटवर, पाळण्याच्या दांड्यांमधे मी, पुढं काकू. मी घरातनं निघतानाच म्हटलं, काकूंचा हात आत्ता कुठं बरा होतोय, मला पुढं बसू द्या. साहेब म्हणाले, "गावात ठीक आहे. लांबच्या पल्ल्याला मुरलेला हात लागतो." काकूंनी पदर खोचला आणि बसल्या.

हायवेला लागलो. "धर." काकूंनी धरला. पुढं उसाचे ट्रॅक्टर, मागं ट्रक, प्रत्येक वेळी सोड, धर, सोड, धर. अर्धी वाटही झाली नव्हती तोवर काकूंच्या कपाळावर घाम दिसायला लागला. मोहोळ जवळ आलं तसं साहेबांनी पुन्हा "धर" म्हटलं आणि काकूंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

खट् आवाज झाला. दांडा मधे आला, इंजिन ओरडलं, मागच्या ट्रकनं हॉर्नचा गोंधळ घातला.

"अगं, धर की!"

"न्हाय."

"न्हाय म्हंजे?"

"न्हाय म्हंजे न्हाय. बारा दिसाच्या लेकराला घ्यायला चाललीय मी. ह्या हातानं गिअर धरला तर त्या हातानं नात घेता यायची न्हाय मला. साकु. गाडी थांबवा."

साहेबांनी गाडी थांबवली. चौथा नसताना ती तशीही थांबतच आली होती. काकू उतरल्या, पदर सावरला आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालायला लागल्या. साहेबांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही या पुढं," ते म्हणाले. मी म्हटलं, काकू एकट्या आहेत, शिवाय पाळण्याशिवाय बारसं कसं होणार, आणि पाळण्याचे सगळे भाग काखेत मारून उतरलो. आयुष्यात इतक्या चपळाईनं मी कुठलं सामान उतरवलं नसेल.

एसटीत बसायला जागा मिळाली. काकू सगळी वाट खिडकीतनं बाहेर बघत होत्या. ऊस बघत होत्या, विहिरी बघत होत्या. मधेच एकदा स्वतःशीच म्हणाल्या, "ह्या रस्त्याला इतकी चिंचंची झाडं हायत व्हय?"

आम्ही वेळेवर पोचलो. पाळणा जोडला, काकूंनी नातीला दोन्ही हातांत घेतलं आणि बराच वेळ कुणाकडं दिली नाही. साहेबांसाठी सगळे थांबले होते. थांबून थांबून शेवटी पाळण्यातलं पोर रडायला लागलं तेव्हा आत्यानं कानात नाव सांगून टाकलं. बायकांच्या ओटीत घुगऱ्या पडत होत्या तेव्हा दारात गाडी येऊन उभी राहिली. साहेब उतरले, डावा हात छातीशी धरून. "थांबायचं की," ते म्हणाले. "नाव काय ठेवलं?" त्यांच्या स्वतःच्या नातीचं नाव त्यांना शेजारच्या एका बाईंनी सांगितलं.

काकू तिथंच राहिल्या. साहेब एकटे परतले आणि पुढं एकट्यानंच चौथा धरून चालवत राहिले, कारण गल्ली आता पुरती हुशार झाली होती. दहा वाजून दहा मिनिटांचा नियम कुठं गेला ते मी विचारलं नाही. काकू परत येईपर्यंत साहेबांच्या डाव्या मनगटाला निळा पट्टा लागला होता. त्याच तरुण डॉक्टरांनी दिलेला. जिन्यात बसून मी बूट घालत होतो तेव्हा आतनं साहेबांचा आवाज आला.

"फार जड झालाय गं तो गिअर. धरवत नाही."

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग काकू म्हणाल्या, "गाडीत दोष न्हाय. दोष धरनाऱ्यात हाय."

दुसऱ्या दिवशी साहेब मेस्त्रीकडं गेले. आठवड्याच्या आत बॉक्स उतरला, उघडला, झिजलेला फोर्क बदलला, बंद झाला. जो बॉक्स काकूंच्या मनगटासाठी इतकी वर्षं उघडला नाही, तो साहेबांचं मनगट दुखल्यावर लगेच उघडला. मला या माणसाच्या कितीतरी गोष्टींचं हसू येतं, पण या एकीचा अजूनही राग येतो. जुना फोर्क साहेबांनी धुऊन-पुसून निरोप समारंभात मिळालेल्या मानचिन्हाशेजारी शोकेसमधे ठेवला आणि आल्यागेल्याला दाखवायला लागले, "बघा, किती झिजला होता." काकूंचं मनगटही तेवढंच झिजलं होतं. भाकरी त्यांना पुन्हा पहिल्यासारखी कधीच थापता आली नाही. शनिवारच्या भाकऱ्या आता कोपऱ्यावरच्या बाईकडनं यायच्या, जाड असायच्या, आणि मी त्या चांगल्या आहेत म्हणून सांगायचो.

आणखी एक झालं. चौथा नीट झाला त्या दिवसापासून साहेबांनी गल्लीतल्या कुणालाही "बसा" म्हटलं नाही. आम्ही भर उन्हात उभे असायचो आणि ते काच वर करून निघून जायचे. टेलरनं बँडेज फेकून दिलं.

दुरुस्त होऊन गाडी घरी आली त्या संध्याकाळी मी वरच्या गॅलरीत उभा होतो. साहेब फाटकात, किल्ली बोटावर फिरवत. "चल गं," त्यांनी हाक मारली. "होटगी रोडला जाऊन येऊ. लोण्यासारखा पडतोय चौथा. आता काही धरायचं नाही."

काकू उंबऱ्यात आल्या. त्यांनी गाडीकडं पाहिलं, मग साहेबांकडं.

"मग मला कशाला न्हेताय?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. खरंच विचारत होत्या. साहेबांची किल्ली बोटावर थांबली. इतकी वर्षं संसार करून बायकोला बरोबर न्यायचं दुसरं कुठलं कारण ते फाटकात उभे राहून शोधत होते, आणि त्यांना ते सापडत नव्हतं. शेवटी खाली बघत म्हणाले, "बस की... नुसती."

काकू आत गेल्या. मला वाटलं, झालं. पण त्या चपला घालून बाहेर आल्या, दाराला कडी लावली, मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर ऐसपैस बसल्या. गाडी कोपऱ्यावर वळली आणि चौथ्यात गेली. साहेबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, शेजारची सीट रिकामी होती, आणि मागं काकू काच खाली करून तोंडावर वारं घेत होत्या.